प्रिसिजन जंप की कॅट लीप: आधी काय शिकावं?

पार्कूर, म्हणजे धावत, उड्या मारत, भिंती चढत अडथळे पार करणं, नुकतंच सुरू केलेल्यांचं इथेच अडतं. प्रिसिजन जंप म्हणजे उडी मारून नेमक्या ठरलेल्या जागी उतरणं; कॅट लीप म्हणजे भिंतीवर झेपावून तिच्या वरच्या कडेला हातांनी लटकणं.

जागेचं म्हणाल तर प्रिसिजनला जमिनीवर खडूच्या दोन रेघा पुरतात, पुढे फुटपाथची कड. कॅट लीपला छातीच्या उंचीची, वरची कड पक्की असलेली भिंत लागते. गिलावा सुटत असेल तर त्या भिंतीच्या वाटेला जाऊच नका.

खरा फरक उतरण्यात आहे. प्रिसिजनमध्ये हात मागून पुढे झोकायचे, दोन्ही पायांनी उडायचं आणि गुडघे वाकवत चवड्यांवर उतरून तिथेच थांबायचं. टाच आधी टेकली की दणका थेट गुडघ्यांत आणि कमरेत जातो. सुरुवातीला टाचेला चवडा लावून मोजलेली पाच पावलं एवढंच अंतर ठेवा. कॅट लीपमध्ये आधी पाय भिंतीला, लगेच हात कडेवर. हात आधी पोचले तर अंग झोका खातं आणि नडग्या सोलवटतात.

ताकद कॅट लीपलाच जास्त लागते: लटकून वर चढता आलं पाहिजे.

एकट्याने सराव करणार असाल किंवा वजन जास्त असेल, तर प्रिसिजनच. दोरीच्या मल्लखांबाने हात तयार झालेत त्यांनी कॅट लीप घ्यावी, पण सलग दहा प्रिसिजन न डगमगता जमल्यावरच.