आई-बाबांना समुद्र दाखवायचाय: मडिफर्ड की सँडबँक्स?

आई-बाबा भारतातून आले की पहिले दोन आठवडे लंडन, बाथ, स्टोनहेंज यातच जातात. मग एखाद्या संध्याकाळी चहा पिता पिता बाबा विचारतात, "समुद्र कधी दाखवणार?" माझे बाबा गुहागरचे. त्यांना पाळणे आणि जत्रा नको असते, ब्रायटनची गर्दी तर नकोच. शांत वस्ती, टेकायला बाक, जवळ स्वच्छतागृह आणि समोर हलतं पाणी, एवढं मिळालं की त्यांचा दिवस सोन्याचा. तुमच्याकडेही या उन्हाळ्यात कुणी येणार असेल आणि दिवस एकच हाताशी असेल, तर दोन नावं हमखास कानावर येतील. एक मडिफर्ड, दुसरं सँडबँक्स.

दोन्ही जागा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये. दोन्ही शहराला चिकटलेली निवांत उपनगरं, आणि दोन्ही बंदराच्या तोंडाशी. मडिफर्ड क्राइस्टचर्चच्या बंदराशी, सँडबँक्स पूल नावाच्या शहराच्या बंदराशी. मध्ये बोर्नमथ. नकाशात पाहिलं तर जुळ्या बहिणी वाटाव्यात. दोन्हीकडे वाळूची एक जीभ समुद्राला आडवी आलेली, तिच्या टोकाला अरुंद तोंड आणि आत संथ पाणी. पैलतीर हाकेच्या अंतरावर, पण रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. म्हणून दोन्हीकडे पलीकडे नेणारी बोट चालते. इथवर सारखेपणा, पुढे मात्र दोघींचा स्वभाव पार वेगळा.

मडिफर्ड: धक्क्यावर बसून राहण्याची जागा

मडिफर्डला समुद्रकिनारा आहे, पण लोक येतात ते धक्क्यावर. एव्हन आणि स्टाउर या दोन नद्या क्राइस्टचर्चच्या उथळ बंदरात उतरतात आणि तिथलं सगळं पाणी एका अरुंद वाटेने समुद्रात जातं. या वाटेला तिथले लोक 'द रन' म्हणतात. ओहोटी लागली की नद्यांचं पाणी आणि उतरतं समुद्राचं पाणी एकत्र त्या फटीतून धावतं. धक्क्याच्या कडेला उभं राहिलं की प्रवाहात तरंगत्या बोयांचे दोर ताणलेले दिसतात, आणि बोया पाण्यात अर्ध्या कलंडलेल्या. पलीकडे जाणारी छोटी बोट सरळ जातच नाही. नाखवा पुढचं टोक प्रवाहाकडे वळवतो, आणि बोट तिरकी तिरकी सरकत समोरच्या जेटीला लागते. बाबा हे अर्धा तास बघत होते. मग म्हणाले, "सुकती (ओहोटी) जोरात आहे. याला पाणी कळतं." या वाटेत पोहायचं नाही, कितीही शांत दिसली तरी नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे गाडीतून उतरायच्या आधीच सांगून ठेवा.

इथल्या भरतीची एक गंमत कोकणातल्या माणसाला विशेष वाटेल. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. इथे उधाणाच्या दिवसांतही दोन मीटरच्या आत, आणि अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या दिवसांत त्याहून कमी. शिवाय पाणी एकदा चढलं की थोडं उतरतं आणि पुन्हा चढतं. भरती-ओहोटीतला फरक या पट्ट्यात मुळातच कमी आहे, त्यात उथळ पाण्याने भरतीच्या लाटेचा आकार बदलतो. म्हणून भरती अशी लांबते. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की बंदर बराच वेळ भरलेलं दिसतं.

धक्क्यावर शेवंड आणि खेकडे धरायचे पिंजरे रचून ठेवलेले असतात, दोरखंडाच्या गुंडाळ्या पडलेल्या असतात. इथून अजून मासेमारी चालते आणि ताजी मासळीही मिळते. तो वास आला आणि आईने नाकाला पदर लावला, पण हसत. तिला मुरुडचा बाजार आठवला होता.

आणि खेकडे. मडिफर्डचा धक्का इंग्रज पोरांसाठी खेकड्यांचाच आहे. एक बादली, एक दोरी आणि तिच्या टोकाला जाळीची छोटी पिशवी एवढंच सामान. गळ लावू नका, खेकड्याला इजा होते. इंग्रज घरांत पिशवीत बेकनचा तुकडा घालतात. नको असेल तर माशाचं डोकं किंवा काटे चालतात. दोर भिंतीलगत तळापर्यंत सोडायचा आणि गप्प बसायचं. दोन-तीन मिनिटांत दोरीला बारीक ओढ लागते. इथे घाई केली की खेकडा वाटेतच सुटतो. हळूहळू वर घेतलं तर हिरवट-तपकिरी खेकडा पिशवीला एका नांगीने लटकून वर येतो. त्याला हातात घ्यायचं तर मागून, कवचाच्या दोन्ही कडा धरून. बादलीत समुद्राचंच पाणी हवं. एका वेळी दोन-चारच खेकडे ठेवा, बादली सावलीत ठेवा आणि दहा मिनिटांत सगळ्यांना परत सोडा. माझ्या सात वर्षांच्या मुलीने आजोबांना हे शिकवलं, आणि आजोबांनी तिला नर-मादी ओळखायला शिकवलं. पोट उलटं करून बघायचं. निमुळता पट्टा असेल तर नर, रुंद असेल तर मादी. असा दिवस मला सँडबँक्सला मिळाला नसता.

या शांत धक्क्याचा भूतकाळ तितका शांत नाही. जुलै १७८४ मध्ये इथे चोरट्या व्यापाऱ्यांची आणि सरकारी जहाजांची लढाई झाली. माल होता चहा आणि ब्रँडी. तेव्हा ब्रिटनमध्ये चहावर शेकडा शंभराहून जास्त कर होता, त्यामुळे चोरून आणलेल्या चहात प्रचंड नफा. चकमकीत विल्यम ॲलन नावाचा आरमारी अधिकारी मारला गेला. त्याबद्दल जॉर्ज कूम्स याला फाशी झाली आणि त्याचं प्रेत दहशतीसाठी इथेच टांगून ठेवलं. त्याच वर्षी संसदेने चहावरचा कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहाचा कणाच मोडला. धक्क्यावर बसून कागदी कपातला चहा पिताना बाबांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी कप खाली ठेवून सगळी ऐकली.

पलीकडच्या वाळूच्या पट्टीवर साडेतीनशेच्या आसपास लाकडी झोपड्या आहेत, रंगीत, एका ओळीत. आत नळ नाही की संडास नाही. स्वच्छतागृहं सामायिक, वीज सौरपट्ट्यांची. तरीही त्या तीन लाख पौंडांच्या वर विकल्या गेल्या आहेत. पर्यटकांच्या गाड्यांना तिकडे वाट नाही. धक्क्यावरून हंगामात बोटीने जायचं, नाहीतर हेंगिस्टबरी हेडच्या वाहनतळावरून रस्त्यावर चालणाऱ्या छोट्या आगगाडीने. पाय धड असतील तर हेंगिस्टबरीची टेकडी चढाच. उंची छत्तीस मीटर, पण वरून एका बाजूला बंदर दिसतं, दुसऱ्या बाजूला आइल ऑफ वाइटचे नीडल्स नावाचे पांढरे सुळके. रोमन येण्याच्या आधी इथे बंदर होतं आणि भूमध्य समुद्राकडून दारूचे रांजण येत. एकोणिसाव्या शतकात याच टेकडीच्या पायथ्याचे लोहखनिजाचे धोंडे उचलून विकले गेले. किनाऱ्याचा आधार गेला, वाळू वाहू लागली आणि बंदराचं तोंड कित्येकदा जागा बदलत राहिलं. १९३८ मध्ये लांब बांध घातला तेव्हा कुठे ते थोडं स्थिरावलं.

सँडबँक्स: वाळू, पैसा आणि पलीकडचा किनारा

वाळूच्या बाबतीत सँडबँक्स सरळ जिंकतं. मडिफर्डच्या एव्हन बीचवर वाळूत खडे मिसळलेले आहेत आणि ठिकठिकाणी आडवे बांध आहेत. सँडबँक्सची वाळू मऊ, फिकट, पाय रुतणारी. समुद्र हळूहळू खोल होतो आणि उन्हाळ्यात जीवरक्षक असतात. लहान मुलांना डुंबायचंच असेल तर इथे या. फक्त पाणी ऑगस्टमध्येही सतरा-अठरा अंशांच्या आसपासच असतं. गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्या पावलातच कळ येते.

वस्तीबद्दल बरंच ऐकायला मिळतं. ब्रिटनमधल्या सर्वांत महागड्या घरांपैकी काही या चिंचोळ्या पट्टीवर आहेत. २०२३ मध्ये इथला एक जुना बंगला १ कोटी ३५ लाख पौंडांना गेला. पण चालत जाणाऱ्याला काय दिसतं? उंच कुंपणं आणि बंद फाटकं. वस्ती म्हणून फिरायला मडिफर्डची साधी घरं आणि बागा मला कितीतरी जवळच्या वाटतात. सँडबँक्समध्ये घरांपेक्षा एक जुनी जागा महत्त्वाची. टोकाच्या हेव्हन हॉटेलात मार्कोनीने १८९८ पासून बिनतारी संदेशाचे प्रयोग केले होते. बाबांची उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, म्हणून त्या इमारतीसमोर त्यांचा फोटो काढला. त्यांच्या भिंतीवर तोच लागला आहे.

सँडबँक्सची खरी ओढ आहे ती पलीकडच्या किनाऱ्याची. बंदराच्या तोंडावर साखळीची फेरीबोट आहे, १९२६ पासूनची सेवा. दाभोळहून धोपाव्याला गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट आठवा. इथे फरक एवढा, की पाण्याच्या तळाशी टाकलेल्या साखळ्यांना धरून ही बोट स्वतःला ओढत नेते. खडखडाट ऐकू येतो, साखळी पाणी गाळत वर येते आणि पुन्हा बुडते. चार-पाच मिनिटांत स्टडलंड. रस्त्याने जायचं तर पंचवीस मैल. बोर्नमथहून स्वॉनेजला जाणारी ५० नंबरची बस याच बोटीवर चढते. वयस्कर माणसांना बसमध्ये बसल्या बसल्या समुद्र ओलांडायला मिळतो, म्हणून मला ही बस फार आवडते. स्टडलंडच्या दक्षिणेला ओल्ड हॅरी नावाचे खडूचे पांढरे खांब समुद्रात उभे आहेत आणि तिथूनच जुरासिक किनाऱ्याचा जागतिक वारसा सुरू होतो. एक सूचना मात्र नीट लक्षात ठेवा. बोटीतून उतरून स्टडलंडच्या वाळूवरून दक्षिणेकडे चालत गेलात तर वाटेत एक पट्टा विवस्त्र वावरणाऱ्यांसाठी राखीव आहे. फलक लावलेले आहेत, पण गप्पांच्या नादात सुटतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर बसनेच पुढे जा.

दुसरी ओढ ब्राउनसी बेटाची. पूल बंदर जगातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी एक, आणि तरी बहुतेक ठिकाणी गुडघाभर पाणी. त्यात हे जंगलाचं बेट. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेलने पहिलं स्काउट शिबिर इथे भरवलं. शाळेत गळ्यात स्कार्फ बांधून स्काउट-गाइड केलेल्या कुणालाही हे ऐकून बरं वाटेल. पुढे मालकीणबाईंनी बेट कित्येक दशकं लोकांना बंद ठेवलं, त्यामुळे झाडी वाढली. करड्या खारी बेटावर पोचल्याच नाहीत, म्हणून लाल खारी टिकल्या. इंग्लंडमध्ये बाकी बहुतेक ठिकाणी करड्या खारींनी त्यांना हुसकावलं आहे. आता बेट नॅशनल ट्रस्टकडे आहे. वाटा मातीच्या, चढ-उताराच्या. गुडघे दुखणाऱ्याला अर्धं बेटच जमेल. बोटीचं तिकीट वेगळं, बेटाचं वेगळं.

मग कुणी कुठे जावं

चालणं अवघड असेल, किंवा घरात दोन टोकांच्या वयाची माणसं असतील, तर मडिफर्ड. गाडीतून उतरल्यावर सपाट धक्का, बाक, स्वच्छतागृह, चहा, सगळं शंभर पावलांत. शिवाय बाकावरून बघण्यासारखं सतत काही चाललेलं असतं. सँडबँक्सला बाकावर बसलं तर समोर सुंदर पण एकसारखा समुद्र. तिथली मजा उठून पुढे जाण्यात आहे.

मुलं दहा-पंधरा वर्षांची असतील, तुम्ही सगळे चालणारे असाल आणि अख्खा दिवस हातात असेल, तर सँडबँक्स. तिथून बोर्नमथच्या पलीकडे साउथबोर्नपर्यंत जवळजवळ सलग सपाट रस्ता समुद्रालगत जातो. सायकलवाल्यांना तो पुरतो.

गाडीचं दोन्हीकडे कठीणच. उन्हाच्या रविवारी मडिफर्डचा वाहनतळ सकाळीच भरतो. सँडबँक्सला जमिनीवरून आत जायला एकच वाट आहे. आम्ही ऑगस्टमध्ये एकदा दुपारी बाराला पोचलो. शेवटच्या दोन मैलांना तास लागला, मागच्या सीटवर आईला मळमळायला लागलं आणि वाळूवर पाय न ठेवताच परतलो. त्यापेक्षा रेल्वे बरी. लंडनच्या वॉटर्लूहून क्राइस्टचर्च, बोर्नमथ आणि पूल एकाच मार्गावर आहेत आणि साधारण दोन तास लागतात. मडिफर्डसाठी क्राइस्टचर्चला उतरा, पुढे बस किंवा टॅक्सी. गावातली प्रायरी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नॉर्मन काळातलं हे चर्च इंग्लंडमधल्या गावचर्चांमध्ये सर्वांत लांब आहे.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच, मासे आणि बटाट्याच्या काचऱ्या. शाकाहारी माणसांसाठी दशम्या आणि लसणाची चटणी घरून न्या, पण उघड्यावर डबा उघडताना आधी वर बघा. सीगल मागून झडप घालतात. आईच्या हातातली दशमी अशीच गेली आणि बोटाला ओरखडा आला. भिंतीला पाठ लावून बसलं की त्रास होत नाही.

दोन दिवस मिळत असतील तर मुक्काम क्राइस्टचर्चला करा. पहिली दुपार मडिफर्डला घालवा आणि ऊन कलेपर्यंत थांबा, कारण तेव्हा सूर्य बंदरावर उतरतो आणि प्रायरीचा बुरूज काळा होत जातो. दुसऱ्या सकाळी पूलच्या धक्क्यावरून ब्राउनसीची बोट पकडा. ती बंदरातून लांबचा फेरा घेते आणि सँडबँक्सची घरं पाण्यावरूनच दिसतात. तिथल्या रस्त्यात अडकायची वेळ येत नाही. बेटावर उतरताना परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र आधी विचारून ठेवा.