जेल, प्रॉक्समॉक्स की कंपोज? कंटेनर सुरू-बंद करण्याचा क्रम

एकाच मशीनवर प्रत्येक सेवा आपापल्या बंद कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालते तेव्हा उठण्याचा क्रम असा: डेटाबेस आधी, मग ॲप, शेवटी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. बंद करताना नेमकं उलट. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमचे जेल, प्रॉक्समॉक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरचे एलएक्ससी कंटेनर आणि अनेक डॉकर कंटेनर एकत्र चालवणारं डॉकर कंपोज तिन्ही हे करतात. पण आधीचा 'सुरू झाला' हे तिघं वेगवेगळ्या गोष्टीवरून ठरवतात, आणि निवड त्यावरूनच करावी.

प्रॉक्समॉक्स फक्त घड्याळ बघतं. 'ऑर्डर=१,अप=३०,डाउन=१२०' म्हणजे पहिला नंबर, पुढच्याला उठवण्याआधी ३० सेकंद थांबा, बंद व्हायला १२० सेकंद द्या. बंद होताना क्रम आपोआप उलटतो. डाउन दिला नाही तर कंटेनरला ६० सेकंदच मिळतात. ऑर्डर नसलेले सगळ्यात शेवटी उठतात. हा क्रम एकाच नोडपुरता (एका मशीनपुरता) असतो, आणि हाय-अव्हेलेबिलिटीत (मशीन पडलं तर दुसऱ्यावर उठवण्याच्या सोयीत) टाकलेला कंटेनर तो जुमानत नाही.

कंपोज डेटाबेसची तब्येत विचारू शकतो, पण सांगावं लागतं. नुसतं 'डिपेंड्स_ऑन' (हा कंटेनर कशावर अवलंबून आहे) लिहिलं तर कंटेनर चालू झाला एवढंच तो पाहतो. 'कंडिशन: सर्व्हिस_हेल्दी' आणि सोबत हेल्थचेक, म्हणजे सेवा तयार आहे का ते तपासणारी कमांड, हवा. पोस्टग्रेस डेटाबेसच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) एक खोच आहे. पहिल्यांदा डेटा फोल्डर तयार होताना एक तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कशिवाय त्या कंटेनरच्या आतच, चालतो. पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारी 'पीजी_इजरेडी' कमांड त्यालाच तयार समजते, ॲप टीसीपीवरून (नेटवर्कवरून) जातं आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' खाऊन परततं. हेल्थचेकमध्ये '-एच १२७.०.०.१' जोडा, म्हणजे तपासणीही टीसीपीवरून होते, मग हा घोळ होत नाही.

त्याहून मोठं भगदाड म्हणजे मशीन रीबूट. तेव्हा कंटेनर डॉकर डीमन (पार्श्वभूमीत चालणारा डॉकरचा प्रोग्राम) उठवतो, प्रत्येकाची रीस्टार्ट पॉलिसी, म्हणजे आपोआप पुन्हा सुरू करण्याची सेटिंग, बघून. कंपोज चित्रातच नसतो, त्यामुळे क्रम उडतो. पॉलिसी काढून सिस्टमडीच्या (लिनक्स बूट होताना सेवा उठवणाऱ्या प्रोग्रामच्या) वनशॉट युनिटमधून 'कंपोज अप' चालवा. बंद करताना सिगटर्म ('आवरतं घे' हा इशारा) दिल्यावर १० सेकंदांत सिगकिल (जबरदस्तीने बंद) येतो. ॲप शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल तर सिगटर्म शेलपाशीच अडकतो आणि लॉगमध्ये १३७ हा सिगकिलने मेल्याचा कोड दिसतो. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' लावा, म्हणजे शेलच्या जागी ॲपच येतं.

क्रम खरोखर महत्त्वाचा असेल आणि फ्रीबीएसडी चालणार असेल, तर आमचा कौल जेलला. आरसी.कॉन्फ या सिस्टमच्या सेटिंग फाइलमधल्या 'जेल_लिस्ट'मध्ये लिहिलेल्या क्रमाने जेल उठतात. उलट्या क्रमाने बंद व्हायला 'जेल_रिव्हर्स_स्टॉप' 'येस' करावं लागतं. 'जेल_पॅरलल_स्टार्ट' (सगळे जेल एकदम उठवणं) चालू असेल तर यादीच्या क्रमाला अर्थ उरत नाही. त्यापेक्षा जेल.कॉन्फ या जेलच्या सेटिंग फाइलमध्ये ॲपच्या जेलला डेटाबेस जेलचं 'डिपेंड' द्या. डेटाबेस जेलचा शेवटचा 'एक्झेक.पोस्टस्टार्ट' (जेल उठल्यावर चालणारी कमांड) संपेपर्यंत ॲप उठतच नाही. तिथेच 'पीजी_इजरेडी'चा लूप टाका, पण ६० फेऱ्यांची मर्यादा घालून, नाहीतर बूट तिथेच लटकेल.

मात्र डेटाबेस जेल थांबवला की ॲप त्याच्याआधी उतरतं. नंतर डेटाबेस सुरू केला तरी ॲप आपणहून परत येत नाही. ते हातानेच उठवावं लागतं.