व्हीझेडडंप की प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: रिस्टोअरच्या दिवशी काय बरं पडतं?

प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीवर, असे दोन-चार आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्याला बॅकअप का घ्यायचा हे सांगावं लागत नाही. तो अडतो पुढच्या प्रश्नावर. रोजच्या फाईली व्हीझेडडंपने, म्हणजे प्रॉक्समॉक्समधल्याच बॅकअपच्या साध्या सोयीने, तशाच नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) पडू द्यायच्या, की वेगळं मशीन ठेवून त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, म्हणजे पीबीएस, बसवायचा? रत्नागिरी, चिपळूण, गुहागर या पट्ट्यातल्या काही लहान ऑफिसांचे सर्व्हर मी बघतो आणि माझं दोन्ही वापरून झालं आहे. बॅकअप रात्री होतो, तेव्हा कोणी बघत नसतं. रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत काढणं, मात्र भर दिवसा, चार माणसं मागे उभी असताना करावं लागतं. म्हणून इथे लिहितोय ते बहुतेक रिस्टोअरबद्दलच.

आधी व्हीझेडडंप, कारण त्याने मला एकदा तारलं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझ्याकडच्या एका ऑफिसचा सर्व्हर तळमजल्यावर होता. सर्व्हर, नॅस, यूपीएस, सगळं चिखलात गेलं. मालक दर शनिवारी एक यूएसबी हार्ड डिस्क घरी नेत, तेवढी वाचली. रत्नागिरीत एका साध्या मशीनवर कोरं प्रॉक्समॉक्स टाकलं, डिस्क जोडली, क्यूएमरिस्टोअर या कमांडला फाईल दाखवली आणि रात्रीपर्यंत व्हीएम उभी राहिली. एक व्हीएम म्हणजे एक फाईल, आणि तिची कॉन्फिगरेशनही त्या फाईलीतच. दुसरा सर्व्हर नको, इंडेक्स नको. पिशवीत घालून एसटीने नेता येईल असा बॅकअप आहे हा. पावसाळ्यात रस्ता बंद, नेट बंद अशी वेळ आपल्याकडे येतेच, तेव्हा या साधेपणाची किंमत कळते.

तरीही माझं मन उडालं ते एका एक्सेलच्या फाईलीमुळे.

गुहागरच्या बाजूला एक काजूचा कारखाना आहे. एप्रिल महिना, काजू बी खरेदीचा भर. सकाळी कोणीतरी खरेदीच्या रजिस्टरवर मागच्या वर्षीची फाईल चढवली आणि सेव्ह केली. अकरा वाजता तिथल्या हिशेबाच्या ताईंचा फोन आला, "दादा, काल रात्रीची रजिस्टरची फाईल तेवढी काढून द्या ना, शेतकरी गोणी घेऊन उभे आहेत." फाईल असेल दोनेक एमबीची. बॅकअपही होता, रात्री एकचा, व्यवस्थित झालेला.

पण व्हीझेडडंपच्या फाईलीतून एवढंच काही काढता येत नाही. ती तोंड शिवलेली गोण आहे, उसवायची तर अख्खी उसवावी लागते. आतली डिस्क पूर्ण उलगडल्याशिवाय तिच्यातली फाईलसिस्टीम हाती लागत नाही. व्हीएममध्ये २६० जीबी डेटा होता आणि होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मशीनवर, मोकळी जागा १२० जीबी. एक एसएसडी घेऊन मी गाडी काढली, ती होस्टला जोडली आणि तिच्यावर रिस्टोअर लावलं. रिस्टोअर झालेली व्हीएम मूळ व्हीएमचीच जुळी असते, आयपीही तोच. चुकून तशीच चालू झाली तर चालू सर्व्हरशीच भांडण. म्हणून ती बंदच ठेवायची, तिची डिस्क सोडवून दुसऱ्या व्हीएमला जोडायची, मग फोल्डर उघडायचा. फाईल ताईंच्या हाती पडली साडेतीनला. तोवर पावत्या हाताने लिहिणं चाललं होतं आणि लांबून आलेली माणसं उन्हात बसून होती. त्यांच्याकडे बघताना मला वाईट वाटत होतं. बॅकअप शाबूत असून माणसांना थांबावं लागलं.

मोजून पाहिलं नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ फोनांत अख्खी व्हीएम कोणालाच नको असते. फाईल हवी असते, फोल्डर हवा असतो. पूर कधीतरी येतो. चुकीची फाईल सेव्ह होणं महिन्यातून एकदा ठरलेलं.

पीबीएसमध्ये हे काम कसं होतं ते सांगतो. तो व्हीएमच्या डिस्कचे ४ एमबीचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याचा ठसा काढतो आणि आधीपासून असलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. त्यामुळे हवा तेवढाच तुकडा वाचता येतो. प्रॉक्समॉक्सच्या ६.४ आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून, बॅकअपवर जाऊन ‘फाईल रिस्टोअर’ दाबलं की मागे एक चिमुकली व्हीएम उठते, पार्टिशन दाखवते आणि फोल्डर ब्राउझरमधून उतरवून घेता येतो. विंडोजची एनटीएफएस डिस्कही दिसते. आतली डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मात्र हा रस्ता बंद. घरबसल्या, व्हीपीएनवरून, दोन-तीन मिनिटांत हे काम होतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पण पीबीएस सगळ्यांनी डोळे झाकून घ्यावा असं मी म्हणणार नाही. माझा पहिला पीबीएस जुन्या डेस्कटॉपवर होता, आत ४ टीबीची साधी हार्ड डिस्क. फाईल काढताना काही जाणवलं नाही. अख्खी २६० जीबीची व्हीएम परत घेतली तेव्हा मात्र जवळजवळ चार तास गेले. नॅसवरून व्हीझेडडंपला तेवढ्याच कामाला तासाभराच्या आसपास लागायचा. तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात आणि फिरत्या डिस्कचं डोकं त्यांच्यामागे धावत बसतं. एसएसडी घातल्यावर तेच काम पाऊण-एक तासावर आलं. तेव्हा एसएसडीचा खर्च झेपणार नसेल तर थोडा विचार करा.

दुसरं, लाईट. कोणते तुकडे बदलले याची नोंद चालू व्हीएमच्या मेमरीत राहते. यूपीएसने मान टाकली आणि व्हीएम बंद पडली की ती नोंद गेली, मग त्या रात्री पूर्ण डिस्क पुन्हा वाचली जाते. पाठवले जातात ते नवे तुकडेच, पण एरवी पाच मिनिटांत होणारा बॅकअप जूनच्या पहिल्या वादळी आठवड्यात पाऊण तास घेतो. बिघडत काही नाही, वेळ तेवढी मोकळी ठेवा.

‘लाइव्ह रिस्टोअर’चं मोठं कौतुक ऐकाल. डेटा यायचा असतानाच व्हीएम चालू होते आणि लोक कामाला लागतात. पण मधेच रिस्टोअर तुटलं, तर ती व्हीएम जाते आणि तेवढ्या वेळात लोकांनी भरलेलंही जातं. जिथे दुपारी चारला हमखास लाईट जाते तिथे मी ते वापरत नाही. तास गेला तरी चालेल, साधं रिस्टोअर करतो.

आणि एक भीती मला अजून वाटते. एकच तुकडा महिन्याभराच्या सगळ्या प्रतींत सामाईक असतो. तो खराब झाला तर तो वापरणाऱ्या सगळ्या प्रती नासतात. व्हीझेडडंपची सोमवारची फाईल बिघडली तरी रविवारची फाईल वेगळी असते, ती शाबूत राहते. आपल्या खाऱ्या हवेत डिस्का किती टिकतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून दर आठवड्याला व्हेरिफाय, म्हणजे तुकडे शाबूत आहेत का याची तपासणी, लावाच, आणि तुकड्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी सिंक करा. सिंकमध्ये फक्त नवे तुकडे जातात, त्यामुळे गुहागरहून रत्नागिरीला रात्रीच्या नेटवर ते बसतं. व्हीझेडडंपची रोजची पूर्ण फाईल तशी पाठवणं मला कधी जमलं नाही.

एन्क्रिप्शन लावलंत तर किल्ली कागदावर छापून घ्या, तशी सोय आतच आहे. लॅमिनेट करा, आणि सर्व्हर ज्या इमारतीत आहे तिथे ठेवू नका.

तुमच्याकडे ४०-५० जीबीची एकच व्हीएम असेल, वेगळं मशीन ठेवायला जागा नसेल, तर व्हीझेडडंपवर राहायला हरकत नाही. एवढी गोण उसवायला वेळ लागत नाही. पीबीएस त्याच होस्टवर व्हीएम म्हणून बसवून भागेल असं कोणी सांगेल, त्याच्या नादी लागू नका. होस्ट बुडाला की दोन्ही बुडाले. पण फाईल सर्व्हर शंभरेक जीबीच्या पुढे गेला असेल आणि ऑफिसात दहा माणसं त्यावर काम करत असतील, तर मी तुमच्या जागी पीबीएसच घेईन.

माझ्याकडे आता रोजचा बॅकअप पीबीएसवर, एसएसडीवर जातो. महिन्याच्या एक तारखेला व्हीझेडडंपची एक प्रत यूएसबी डिस्कवर पडते आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राहते. मे महिन्यात घरोघरी आगोटीची कामं चालतात, कौलं चाळली जातात, लाकडं आत घेतली जातात. त्याच दिवसांत मी प्रत्येक ऑफिसची एक व्हीएम आणि एक फाईल दोन्हीकडून परत काढून बघतो. या मेमध्ये काजूच्या कारखान्याचं रजिस्टर पीबीएसवरून तीन मिनिटांत निघालं आणि अख्खी व्हीएम पन्नास मिनिटांत. यूएसबीवरची व्हीएमही उठली, तिला दीड तास लागला.