कलम ५१ की प्रत्युपाय? सायबर हल्ल्याला उत्तर देण्याचे दोन कायदेशीर आधार

पुण्यातील विधी महाविद्यालयांत मूट कोर्टासाठी (सरावाच्या खटल्यासाठी) किंवा एलएल.एम.च्या प्रबंधासाठी सायबर हल्ल्याचा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला आधी हे ठरवावे लागते, की पीडित देशाची बाजू संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ५१ च्या स्वसंरक्षणाच्या हक्कावर उभी करायची, की आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये पूर्ण केलेल्या राज्य-जबाबदारीच्या मसुद्यातील प्रत्युपायांवर, म्हणजे नियम मोडणाऱ्या देशाला तो पाळायला लावण्यासाठी पीडित देशाने योजलेल्या, एरवी बेकायदेशीर ठरणाऱ्या उपायांवर.

कलम ५१ चे आकर्षण उघड आहे, कारण तेथे लष्करी बळ वापरण्याची मुभा मिळते. मात्र त्यासाठी ‘सशस्त्र हल्ला’ सिद्ध व्हावा लागतो, आणि बळाचा प्रत्येक वापर सशस्त्र हल्ला ठरत नाही, त्याची व्याप्ती व परिणाम पाहावे लागतात, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वा खटल्यात १९८६ मध्ये सांगितले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणकीय विषाणूने इराणच्या नतान्झ येथील, युरेनियम समृद्ध करणारे सेंट्रिफ्यूज प्रत्यक्ष निकामी केले. तरीही टॅलिन मॅन्युअल हा सायबर कारवायांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो हे सांगणारा ग्रंथ लिहिणाऱ्या तज्ज्ञांचे एकमत तो बळाचा वापर होता इथपर्यंतच झाले, सशस्त्र हल्ला होता की नाही यावर ते विभागले गेले. पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. तेथे कलम ५१ पुढे करणारा वकील पहिल्याच प्रश्नाला अडेल.

अशा प्रकरणांत प्रत्युपाय अधिक उपयोगी पडतात, कारण येथे सशस्त्र हल्ल्याची अट नसून आंतरराष्ट्रीय दायित्वाचा भंग पुरेसा असतो. मर्यादाही कडक आहेत: बळ वापरता येत नाही, उत्तर हानीच्या प्रमाणात हवे, समोरच्याला आधी आवाहन करावे लागते आणि भंग थांबताच प्रत्युपायही थांबवावे लागतात. खरी अडचण भंग नेमका कोणत्या नियमाचा झाला हे दाखवण्याची आहे. सायबर क्षेत्रात सार्वभौमत्व हा स्वतंत्र नियम नाही, म्हणजे केवळ त्याला धक्का लागणे हा भंग ठरत नाही, अशी भूमिका ब्रिटनने २०१८ मध्ये घेतली, तर फ्रान्सने पुढच्याच वर्षी नेमकी उलटी. माझ्या मते प्रबंधासाठी हाच वाद सर्वांत सुपीक आहे.

हल्ला कोणी केला, हे दोन्ही आधारांवर सिद्ध करावे लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. अशा स्थितीत दुसऱ्या देशाविरुद्ध पाऊल उचलणे धोक्याचे, कारण अंदाज चुकला तर प्रत्युपाय योजणारा देश स्वतःच जबाबदार ठरतो. हल्लेखोर सरकारऐवजी एखादा गट असेल, तर मात्र कलम ५१ ची बाजू वरचढ होते. प्रत्युपाय केवळ राज्याविरुद्ध योजता येतात. राज्येतर गटांविरुद्धही स्वसंरक्षणाचा हक्क आहे, ही भारताची भूमिका सर्वमान्य नसली तरी मांडता येण्याजोगी आहे.

म्हणून वस्तुस्थितीत जीवितहानी किंवा मोठी भौतिक नासधूस असेल तरच कलम ५१ घ्यावे, एरवी प्रत्युपाय. शिवाय पीठाकडून येणाऱ्या एका प्रश्नाची तयारी ठेवावी: या दोन्हींची गरज तरी काय? २०२२ मध्ये सरकारी यंत्रणांवरील हल्ल्यानंतर अल्बेनियाने इराणशी राजनैतिक संबंध तोडले, आणि संबंध तोडणे मुळातच बेकायदेशीर नसल्याने त्या कृतीला यांपैकी कोणत्याही आधाराची आवश्यकता नव्हती.