आधी कोणती वाचू? लॉराचं घर की जाँचं शेत

माझ्या मावसबहिणीने भोरच्या पुढे जमीन घेतली. जूनमध्ये पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन नवरा-बायको आणि दोन मुलं, सगळे तिकडे राहायला जाणार. परवा तिचा फोन आला. "दादा, शहर सोडून रानात संसार मांडलेल्या कुटुंबावरची एखादी कादंबरी सांग. एकच सांग हां, सामान बांधायचंय."

एकच म्हटल्यावर मी अडलो. आधी आठवला गोनीदांचा ‘माचीवरला बुधा’. पण बुधा मुंबई सोडून राजमाचीला परततो तो एकटा, म्हातारपणी. त्याला ना शाळेचा दाखला काढायचाय, ना गॅसची नोंदणी बदलायची. बायको-पोरांसकट नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या दोन कादंबऱ्या मग डोक्यात राहिल्या. एक अमेरिकन: लॉरा इंगल्स वाइल्डर यांची ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’, १९३५ सालची. दुसरी फ्रेंच: मार्सेल पान्योल यांची ‘जाँ द फ्लोरेत’, साठच्या दशकाच्या सुरुवातीची.

लॉराच्या पुस्तकात वडील विस्कॉन्सिनचं जंगल सोडतात, बायको आणि तीन मुलींना झाकलेल्या गाडीत बसवतात आणि कॅन्ससच्या गवताळ माळावर येतात. जाँ शहरात कर वसुलीच्या खात्यात होता. आईकडून प्रोव्हान्सच्या डोंगरात शेत वारशाने मिळालं, तसा तो नोकरी सोडून बायको एमे आणि छोट्या मानोनला घेऊन तिथे येतो. पाठीला कुबड, डोक्यात पुस्तकं.

दोन्हीकडे गोष्ट पाण्यापाशी येऊन थांबते, म्हणून तिथूनच तुलना करतो.

लॉराचे वडील शेजारच्या स्कॉटबरोबर विहीर खणतात. एक जण खाली खणतो, दुसरा वरून रहाटाने माती ओढतो. रोज सकाळी वडील बादलीत पेटती मेणबत्ती ठेवून आधी खाली सोडतात. ज्योत टिकली तर हवा चांगली, विझली तर खाली विषारी वायू. स्कॉटला हा सगळा पोरखेळ वाटतो. एका सकाळी तो मेणबत्ती न सोडताच खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला बांधायला वडील खाली जातात आणि वर आई आणि एवढीशी लॉरा जिवाच्या आकांताने रहाट ओढतात. तो माणूस वाचतो. मग वडील दारूगोळ्याची पुडकी खाली फोडून वायू घालवतात आणि खणणं पुढे सुरू. दुसऱ्याच्या घरात काय करतात ते पोर टक लावून बघावं, तसं हे पुस्तक काम बघतं. ओंडक्यांच्या भिंती, दाराची लाकडी कडी, चुलीचा धूर बाहेर कसा काढायचा. वाचून झालं की आपल्यालाही घर बांधता येईल असं वाटतं. (येत नाही.)

जाँच्या शेतात मात्र झरा आधीपासून आहे, फक्त त्याला ते कोणी सांगत नाही. शेजारचा उगोलॅं आणि त्याचा चुलता, ज्याला सगळे ‘पापे’ म्हणतात, दोघांना ती जमीन कार्नेशनच्या फुलांसाठी हवी आहे. आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये घेतात ती फुलं. बिनपाण्याची जमीन कवडीमोलाने मिळेल, या हिशोबाने ते जाँ यायच्या आधीच झरा बुजवतात. त्या शेतात पूर्वी पाणी होतं हे गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, तरी कोणी तोंड उघडत नाही. आपण म्हणतो ना, गाव करी ते राव न करी. त्या म्हणीची काळी बाजू बघायची असेल तर हे पुस्तक.

जाँ आळशी नाही, मूर्खही नाही. मला सगळ्यात लागलं ते हेच. तो ससेपालन करणार आहे, त्याने गणित मांडलंय, पावसाच्या सरासऱ्या काढल्यात, सशांना घालायला भोपळे लावलेत. इमूपालनाच्या दिवसांत असे तक्ते घेऊन फिरणारे लोक मी पाहिलेत. मग पाऊस रुसतो आणि सगळं कुटुंब दूरच्या झऱ्यावरून पाणी वाहायला लागतं. खेचर भाड्याने मागायला तो उगोलॅंकडेच जातो, आणि उगोलॅं गोड बोलून टाळतो. ज्याने पाणी तोडलं त्यालाच जाँ मित्र समजतो. हे वाचताना माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या.

आता लॉराच्या पुस्तकातली अडचण. हीसुद्धा बहिणीला सांगायलाच हवी. ते घर उभं राहतं ती जमीन ओसेज या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची होती, राखीव. सरकार ती लवकरच वस्तीला मोकळी करणार असं ऐकून इंगल्स कुटुंब तिथे घुसलं. पुस्तकात ओसेजांची पायवाट घराजवळूनच जाते, आणि वडिलांना ती वापरात आहे हे घर बांधून झाल्यावर कळतं. शेजारी ओसेजांबद्दल इतकं वाईट बोलतात की मुलांसमोर मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. पहिल्या आवृत्तीत तर असं वाक्य होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, राहत होते. १९५२ मध्ये एका वाचकाने तक्रार केली, आणि पुढच्या वर्षी ‘माणसं’च्या जागी ‘वसाहतकरी’ आलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बालग्रंथालय संघटनेने पुरस्काराला दिलेलं तिचं नाव काढून टाकलं.

तरी हे पुस्तक मी फेकून देणार नाही. शेवटाकडे ओसेजांची लांबच लांब रांग घोड्यांवरून निघून जाते. त्यात एक तान्हं मूल लॉराकडे बघतं आणि ती वडिलांकडे हट्ट धरते, मला ते बाळ हवं. मागचं सगळं तेवढ्या एका हट्टात आलंय असं मला वाटतं: जे दुसऱ्याचं आहे ते आवडलं म्हणून मागणं. लेखिकेला ते कितपत ठाऊक होतं कोण जाणे.

वाचायला कोणती सोपी? लॉरा, अर्थातच. दोन-तीन संध्याकाळी संपते. नाताळाला शेजारी एडवर्ड्स पूर आलेली नदी पोहून मुलींसाठी पत्र्याचे पेले आणि गोळ्या घेऊन येतो, ते प्रकरण मोठी माणसंही डोळे पुसत वाचतात. पान्योल सावकाश चढतो. पहिली पन्नासेक पानं गावकरी, त्यांची भांडणं, त्यांच्या जुन्या गोष्टी. कंटाळा येऊ शकतो. गंमत अशी की पान्योलने आधी १९५२ मध्ये मानोनवर सिनेमा काढला आणि कादंबरी नंतर लिहिली, त्यामुळे संवाद फार ठसठशीत आहेत. जाँची गोष्ट अर्धीच आहे, हेही लक्षात असू दे. दुसरा भाग ‘मानोन दे सूर्स’ वाचल्याशिवाय पापेचा हिशोब पुरा होत नाही. वेळच नसेल तर क्लोद बेरी यांचे १९८६ चे दोन सिनेमे बघा. इव मोंताँचा पापे विसरता येत नाही.

नॉर्वेच्या क्नूट हामसुनची ‘मार्कन्स ग्रोड’ (१९१७) हेही एक नाव बहिणीला कोणीतरी सुचवलं होतं. ओसाड रानात घर उभारणाऱ्या इसाक आणि इंगेरची ती कथा. हामसुनला १९२० चं नोबेल मिळालं, पुढे त्याने नाझींची बाजू घेतली. पुस्तक ताकदीचं आहे, पण माती खणणाऱ्या माणसाला ते देवपण देतं. शेत घ्यायच्या आधी ते वाचू नये, चढतं.

शेवटी बहिणीला मी पान्योल दिला आणि म्हटलं, सामान हलवायच्या आधी वाच, नंतर नको. लॉरा तिच्या धाकटीसाठी, १९५३ नंतरची आवृत्ती बघून. आणि ती मुलीच्या हातात देऊन मोकळी होऊ नको, शेजारी बसून वाच, कारण ओसेज कोण हे ती विचारणारच. बहीण म्हणाली, "आमच्या बोअरला पाणी किती आहे ते कोणाला विचारायचं?" म्हटलं, बोअरवाल्याला विचार, जुन्या मालकाला विचार, आणि वाटेत चहाच्या टपरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनाही विचार.