पखवाजाशिवायची लय : ‘द जिमी जुफ्री थ्री’

लालबागच्या आमच्या भजनी मंडळात गेली बावीस वर्षं मी पखवाजावर बसतोय. त्यामुळे या जॅझच्या अल्बममध्ये तालवाद्यच नाही हे कळल्यावर माझा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला.

अल्बम १९५७ चा, अटलांटिक कंपनीचा. वाजवणारे तिघंच. जिमी जुफ्रीकडे क्लॅरिनेट, टेनर आणि बॅरिटोन सॅक्सोफोन, जिम हॉलची गिटार, राल्फ पेन्याचा डबल बास, म्हणजे खर्जातलं मोठं, उभं तंतुवाद्य. याच जुफ्रीने १९४७ साली वुडी हर्मनच्या भल्यामोठ्या बँडसाठी ‘फोर ब्रदर्स’ रचलं होतं. दहा वर्षांत तो तिघांवर आला.

यातलं ‘द ट्रेन अँड द रिव्हर’ पहिल्यांदा ऐकलं चिंचपोकळीहून पकडलेल्या सकाळच्या स्लो लोकलमध्ये. गाडीच्या आवाजात बास पार बुडाला. रात्री दार लावून, मोठे हेडफोन घालून पुन्हा ऐकलं, तेव्हा पेन्याचं बोट तारेवर पडताना कळलं. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक नीट बसली की जसा खर्ज घुमतो, तसा. ठेका तिथे आहे!

आपल्याकडे क्लॅरिनेट म्हणजे मिरवणुकीतला बँड, वरच्या सुरात, नाक्यापर्यंत ऐकू जाणारा. जुफ्री तो खालच्या सप्तकात, जेमतेम फुंकर घालून वाजवतो. सुरासोबत श्वासही ऐकू येतो. तो टेक्सासमधल्या डॅलसचा. चाली ब्लूजच्या, लोकगीतांच्या वळणाच्या, साध्या. बांधणी मात्र पाश्चात्त्य चेंबर संगीताची, म्हणजे मोजक्या वादकांसाठी रचलेल्या संगीताची : एकाची चाल सुरू असताना दुसरा आपली वेगळी चाल घेऊन शिरतो, आणि मुख्य कोण, साथीला कोण, हे सतत बदलत राहतं. हॉल तर कितीतरी वेळा नुसता थांबतो. ते थांबणं मला फार आवडलं.

‘द साँग इज यू’मध्ये जीव रमला नाही. ब्रॉडवेवरचं जुनं गाणं आहे, तिघंही ते फार जपून वाजवतात.

अल्बम आवडला तर ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या माहितीपटाची सुरुवात जरूर बघा. १९५८ चा न्यूपोर्टचा महोत्सव, तीच ट्रेन, तीच नदी, पण तिथे बासही नाही. जुफ्री आणि हॉलसोबत बॉब ब्रुकमायर व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य घेऊन उभा आहे.

परवाच्या गुरुवारी बुवांना आधी विचारून अभंगाच्या शेवटच्या कडव्याला मी हात उचलले. झांजही थांबली. पेटी आणि बुवांचा गळा, एवढंच राहिलं. समेवर सगळे बरोबर आले.