अस्वलांची जुनी चित्रं भिंतीवर लावायचीत? आधी प्रिंटमधला काळा रंग बघा

जुन्या नॅचरल हिस्टरी पुस्तकातल्या अस्वलांच्या चित्रांचा तीन प्रिंट्सचा सेट ऑनलाइन मागवला होता, एथ्री साइज (साधारण १२ बाय साडेसोळा इंच), फ्रेम नसलेला. दोन प्रिंट इतके सुंदर आलेत की घरी येणारा प्रत्येक जण थांबून बघतो, आणि तिसरा पार बिघडलेला. का बिघडला ते सविस्तर लिहितो कारण विकणारे ही गोष्ट कुठंच सांगत नाहीत.

पक्ष्याचं चित्र छापणं सोपं, रंग भरपूर असतात, थोडं इकडंतिकडं झालं तरी खपून जातं. अस्वल म्हणजे सगळा काळा केसाळ प्राणी. त्या काळात तांब्याच्या पत्र्यावर एकेक केस कोरायचे किंवा लिथोग्राफच्या, म्हणजे छपाईच्या, दगडावर खडूने काढायचे, आणि दोन रेषांच्या मधे जो कोरा कागद राहतो ना, त्याच्यामुळेच ते केस केस वाटतात. आता विकणाऱ्याने हलक्या दर्जाचा स्कॅन घेतला आणि वरून कॉन्ट्रास्ट वाढवला की ती मधली जागा शाईने भरून जाते आणि अस्वलाच्या जागी नुसता काळा डाग उरतो. आमचं अमेरिकन काळं अस्वल असंच गेलं. हे ऑड्युबॉन या अमेरिकन चित्रकाराचं, १८४५ ते १८४८ मधे निघालेल्या उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्यांच्या मोठ्या लिथोग्राफ संचातलं, त्यात एकूण १५० चित्रं आहेत आणि अर्ध्याच्या आसपास त्याच्या मुलाने, जॉन वुडहाउसने काढलेली. मूळ कागद साधारण २२ बाय २८ इंच, म्हणजे एथ्रीवर ते लहान करूनच छापलं होतं, मग तपशील हरवायचं कारणच काय होतं? चांगला स्कॅन वापरायचा आळस, दुसरं काही नाही.

त्याच संचातलं पांढरं अस्वल मात्र काय आलंय बघा! पांढऱ्याला शाई जवळजवळ नसतेच, सगळी कमाल कागदाची. म्हणून एक सांगतो, सेलरकडे अँटिक टोन म्हणून पिवळसर ऑप्शन असतो तो अजिबात घेऊ नका, त्यात ध्रुवावरचं अस्वल हळदीत लोळल्यासारखं दिसतं. साधा मॅट, जाड, ॲसिड फ्री (लवकर पिवळा न पडणारा) कागद मागा.

पण माझा जीव जडलाय तो दुसऱ्या चांगल्या प्रिंटवर, आपल्या भारतातल्या अस्वलावर. हे जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या 'नॅचरलिस्ट्स मिसेलनी' या पुस्तकातलं. शॉने १७९१ मधे लांब नख्या आणि कमी दात बघून याला चक्क झाडाला लटकणाऱ्या स्लॉथच्या गणात टाकलं होतं, ते अस्वल आहे हे नंतरच्या लोकांनी दुरुस्त केलं. दात कमी असायचं कारण भारी आहे, वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून आणि लांब ओठांनी ते वाळवी ओढून घेतं, नाकपुड्या बंद करून. मूळ पुस्तक छोटं, त्यामुळे एथ्रीला रेषा जाड दिसतात, मला लांबून बघायला तेच आवडतं, पण टेबलाजवळ लावणार असाल तर एफोर घ्या.

आत्या बघून म्हणाली, "अरे हे तर दरवेशी आणायचा ते अस्वल, लहानपणी भीती जावी म्हणून आम्हाला त्याच्या पाठीवर बसवायचे की रे, केस पण ताईतात घालायचे." मी म्हटलं, "आत्या, त्या अस्वलाच्या नाकात वेसण होती, हे मोकळं आहे." मग ती बराच वेळ बघत बसली. होस्पेटजवळ दरोजीला १९९४ पासून या अस्वलांचं अभयारण्य आहे, सोलापूरहून विजापूरमार्गे गाडीने जाता येतं, तिला न्यायचंच आहे. ही अस्वलं आपली आहेत आणि आपल्या घरात अमेरिकेतलं ग्रिझली अस्वल दिसतं, हे नाही, हे मला मनापासून खटकतं.

फ्रेम इथंच सोलापुरात नव्या पेठेत करून घेतली आणि काम एक नंबर झालं. तिथं जास्त करून देवांचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो फ्रेम होतात पण माणूस ऐकून घेणारा आहे, दोन इंचाचा पांढरा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), पातळ काळी लाकडी पट्टी, चकचकीत-सोनेरी काही नको म्हटलं तर तसंच केलं. माउंट घालाच, नाहीतर प्रिंट काचेला चिकटतो. पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन कुठल्याही शाईला सोडत नाही.

ऑर्डर करायच्या आधी सेलरकडून अस्वलाच्या खांद्याचा जवळून काढलेला फोटो मागा, केस सुटे दिसले तरच पैसे भरा. या जुन्या पुस्तकांचे चांगले स्कॅन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत, तिथलं चित्र शेजारी ठेवून बघितलं की लगेच फरक कळतो. काळ्या अस्वलाचे पैसे परत देतो म्हणाले सेलर, पण मला पैसे नकोत, नीट छापलेलं अस्वल पाहिजे, म्हणून तिथलीच फाईल उतरवून त्यांना पाठवलीये.